एकास दहा रोपं : नुकसानाचा हिशोब मांडायचा धागा (टेप घेऊन या)

टिळकवाडी_टेप

रस्ता रुंद होणार म्हटलं की आपल्या बेळगावात दोन कार्यक्रम ठरलेले. पहिला, व्हॉट्सॲपवर शोकसभा : गरिबांचं महाबळेश्वर गेलं हो गेलं. दुसरा, जूनच्या पाच तारखेला, पर्यावरण दिनाला, हार, फोटो आणि 'एकाच्या बदल्यात दहा' छापलेला फलक. पहिल्या कार्यक्रमात नुकसान आभाळाएवढं, दुसऱ्यात शून्य. टेप मात्र दोन्हीकडे कुणाच्याच हातात नाही.

म्हणून हा धागा. रडायला हरकत नाही, आधी मोजा आणि मग मापानं रडा.

शिंप्याची टेप घ्यायची. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर मोजायचा. खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वडाचा घेर ३०० सेंमी आणि तीन वर्षं जगलेल्या रोपाचा १० सेंमी धरा. ३०० भागिले १० म्हणजे ३०, त्याचा वर्ग ९००. एकास दहा नव्हे, एकास नऊशे, तेही नऊशेच्या नऊशे जगली तर. दहांनीच फेडायचं म्हटलं तर प्रत्येकाचा घेर ९५ सेंमी व्हावा लागतो. आंब्या-जांभळाला तिथवर यायला चांगल्या जमिनीतही पंचवीस-तीस वर्षं जातात. फलकावर रोपांचा आकडा असतो, ही मुदत नसते.

सावलीचंही तसंच. माथ्याचा विस्तार दोन दिशांनी मोजून सरासरी काढा. १४ मीटर आला तर खाली दीडशे चौरस मीटरच्या वर सावली पडते.

निपाणीकर

म्हणजे रडायच्या आधी टेप लावायची. बरं आहे. खरं टेप लावून पण झाड जाणारच की ओ! मग मोजून करूलाय काय?

टिळकवाडी_टेप

जाणार असेल तर यादीत 'झाड : १' असं जाऊ नये, 'वड, घेर ३१० सेंमी' असं जावं. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. सार्वजनिक कामासाठी ५० पेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याने जाहीर नोटीस काढून हरकती मागवायच्या असतात. तिथे 'हा आमचा वारसा आहे' या वाक्याचं कुणी काही करू शकत नाही. झाडाचा क्रमांक, जात, घेर आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचं अंतर असा तक्ता दिला, तर निदान 'गटार दीड मीटर आत घेतलं तर यातली किती वाचतात?' असं विचारता येतं. या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, वारशाला नमस्कार करून भागतं.

खानापूरचा_पाऊस

मोजण्यातल्या चुका आधीच सांगतो, नाहीतर दोन माणसांचे आकडे कधीच जुळायचे नाहीत.

उतारावर झाड असेल तर उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरायची. साडेचार फुटांच्या खालीच फाटा फुटला असेल तर प्रत्येक फाट्याचा घेर वेगळा घ्यायचा, प्रत्येकाचा वर्ग करायचा आणि मग बेरीज. आधी बेरीज करून मग वर्ग केला की झाड कागदावर दुप्पट होतं. वडाच्या पारंब्या मुख्य खोडाला चिकटल्या असतील तर टेप त्यांच्यासकट फिरते आणि घेर फुगतो, म्हणून तसा शेरा लिहा. पार बांधलेला असेल तर पाराच्या वरून नाही, जमिनीपासूनच उंची धरायची. आणि टेप सैल किंवा तिरकी गेली की आकडा वाढतो, कमी कधीच होत नाही.

दुसरी गोष्ट, घेरावरून वय सांगू नका. नीलगिरी ज्या वर्षांत जाड होते तेवढ्यात किंजळ जेमतेम हातभर होतो. पेपरात 'दोनशे वर्षांचा वृक्ष' वाचलं की समजायचं, वय कुणीतरी पाराकडे बघून ठरवलंय.

गोकाकचा_दगड

थोडं मागे सरकून बघू या का? बेळगावच्या पायाखाली दख्खनच्या लाव्ह्याचं दक्षिणेकडचं टोक आहे. तो लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. म्हणजे आपण पर्यावरणावर बैठक घेतो ती एका फार मोठ्या पर्यावरणीय नुकसानाच्या उरलेल्या मालावर बसून. गोकाकचा धबधबा पडतो तो खडक तर त्याहून कितीतरी जुना. त्याच धबधब्यावर १८८७ मध्ये वीज तयार झाली, तेव्हाही कुणीतरी 'आता धबधब्याची मजा गेली' म्हटलं असणार.

शिवाय ज्या झाडांसाठी गळा काढताय त्यातली निम्मी पाहुणी. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा, आणि चिंच मुळात आफ्रिकेची. पृथ्वी खंबीर आहे. तिला काही होत नाही.

खानापूरचा_पाऊस

पृथ्वीची काळजी कुणाला आहे? एप्रिलमध्ये दुपारी दोनला बसथांब्यावर उभं राहायचं आहे ते पृथ्वीला नाही.

कोटी वर्षांचा हिशोब बरोबर आहे, पण तो ज्याला घराचा हप्ता वीस वर्षांचा आहे त्याच्या उपयोगाचा नाही. डायनासोरांनंतर जंगलं परत दाट व्हायला लाखो वर्षं गेली. तेवढी मुदतवाढ कुठलंच खातं देत नाही.

खरा तोल हवा असेल तर खानापूर तालुक्यातल्या आपल्या भीमगड अभयारण्याचं उदाहरण घ्या. बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्रात नोंदलं गेलं. पुढे कित्येक दशकं समज असा की जगात ते फक्त इथेच आहे. मग मेघालयात सापडलं, कंबोडियात सापडलं. आज संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते 'माहिती अपुरी' या रकान्यात आहे. म्हणजे 'जगातली शेवटची वसाहत' हे वाक्य मागे घ्यावं लागलं. पण म्हणून गुहेत टॉर्च घेऊन फिरायला परवानगी मिळाली असं नाही. पिलं असताना वसाहत उठवली की पिलं खाली पडून मरतात, ते मेघालयात बसून कुणी भरून काढत नाही.

शहापूर_भात

दोघांचं भांडण मिटवायला एक रकाना वाढवा : परत यायला किती वेळ लागतो? आकारापेक्षा त्यावरून क्रम लावा.

गाळानं भरलेली विहीर उपसली की एका पावसाळ्यात परत येते. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आहेच की. जुन्या विहिरीत उतरण्याआधी मात्र दोर बांधून बादली दहा-वीस वेळा खालीवर करून हवा खेळवा, कंदील खाली सोडा, तो विझला तर उतरायचं नाहीच. नाही विझला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं लागतातच, कारण काही विषारी वायूंत कंदील जळत राहतो. शुद्धीकरणाला चांगल्या ब्लीचिंग पावडरचं प्रमाण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते ३७,७०० लिटर, म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास. पावडर बादलीत कालवून वरचं निवळ सोडायचं आणि तासभर उपसा बंद. चुना खाली बसतो तो विहिरीत ओतायचा नाही.

बासमतीचं घ्या. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, अनगोळची ती वासाची बासमती 'गेली' म्हणतात. बियाणं कुणाकडे किलोभर जरी असलं तरी ती गेलेली नाही. भात स्वपरागी आहे, शेजारच्या वाणापासून तीन मीटर अंतर ठेवलं तरी भेसळ फारशी होत नाही. भेसळ होते ती खळ्यावर आणि पोत्यात. फुलोऱ्यात उंच-बुटकी वेगळी रोपं उपटा, कापणीआधी शेताच्या मधल्या भागातल्या एकसारख्या लोंब्या खुडून वेगळ्या झोडा. ओलावा १२-१३ टक्क्यांवर आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे, ८० उगवले तर बियाणं. दोन हंगामांत किलोची पोती होतात. सुवासाचा भाग वेगळा. वाण तोच असला तरी दाणा भरताना हवा गरम असेल तर वास उतरतो, आणि गटाराच्या पाण्यावर पिकवलेल्या भाताला कुणी बासमतीचा भाव देत नाही.

गिधाड मात्र वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिलू जोडीला लागायला पाच वर्षं. मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर, जनावरांच्या वापरापुरती, २००६ मध्ये बंदी आली, पण परत यायचा वेग कायद्यानं वाढत नाही.

मातीमोल

मग या रकान्यात सगळ्यात खाली कोण ते सांगतो. माती. तिच्यासाठी एकही शोकसभा नाही.

खानापूरकडच्या वीटभट्ट्यांना भातशेताची वरची माती जाते. हिशोब करा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एक फूट खरवडलं की साधारण १,२३० घनमीटर, शेतातल्या वजनानं सोळाशे टनांच्या आसपास. वीट तीन किलोची धरली तर पाच लाखांच्या वर विटा. तेवढी माती तयार व्हायला किती काळ? एक सेंटीमीटरला शेकडो वर्षं, आणि इथे तर तीस सेंटीमीटर गेले. वड तोडला की साठ वर्षांत दुसरा उभा राहतो. माती त्या हिशोबातच बसत नाही.

शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण बऱ्याचदा शेत उंचावर आहे, पाणी चढत नाही, ते खाली घ्यावंच लागतं. पण घेण्याची रीत आहे. वरची १५ ते २० सेंमी काळपट माती आधी खरवडून बांधाला वेगळी रचायची, ढीग पाच फुटांच्या वर नको, नाहीतर आत हवा न लागून ती मरते. मग खालची माती भट्टीला द्यायची, आणि वरची त्याच उन्हाळ्यात परत पसरायची. भट्टीवाला वरचीच मागतो, कारण ती पायाखाली पटकन मळते. सौदा करताना खोली आणि 'वरचा थर मालकाचा' हे दोन्ही लिहून घ्या.

आधीच खरवडलेलं असेल तर पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरायचा, फुलावर यायच्या आत, साधारण सहा-सात आठवड्यांत गाडायचा, वर एकरी आठ-दहा गाड्या शेणखत. असं तीन-चार वर्षं सलग. पहिल्या वर्षी युरिया दुप्पट टाकून रोप हिरवंगार दिसतं, खरं लोंबी पोचट येते.

निपाणीकर

हे कुणी बोललं नव्हतं. मातीला पार नाही, दोरा गुंडाळता येत नाही, म्हणून असेल.

बरं, रोपांचं सांगा. दरवर्षी लावूलेत, दरवर्षी त्याच खड्ड्यात. खड्डे तेवढे जगूलेत.

नर्सरीवाला

रोपं मरतात त्यात नशिबाचा भाग थोडा, पिशवीचा जास्त.

कार्यक्रमाला उंच रोप बरं दिसतं, म्हणून पाच फुटी रोप पाच बाय आठ इंची पिशवीत येतं. ते नर्सरीत दोन वर्षं जास्त राहिलेलं असतं. मूळ पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरलेलं असतं आणि जमिनीत गेल्यावरही तसंच फिरत राहतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूळ स्वतःच्याच खोडाला आवळतं किंवा वाऱ्यात झाड मुळासकट उपटून येतं. त्यापेक्षा दीड-दोन फुटी, ताठ, करंगळीएवढ्या जाडीचं रोप घ्या. पिशवी दोन्ही बाजूंनी ब्लेडनं चिरायची, मातीचा गोळा न फोडता काढायची, तळाचा गुंडाळलेला भाग बोटभर कापून टाकायचा. 'पिशवी आपोआप कुजते' असं सांगणाऱ्याला ती पाच वर्षांनी उकरून दाखवता येते.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. आपल्याकडच्या जांभ्यात हाच खड्डा हौद होतो. जुलैत पाणी साचून आठ दिवसांत मुळं कुजतात आणि पानं वाळलेली बघून लोक आणखी पाणी घालतात. जांभ्यात पहारीनं तळ किंवा उताराची बाजू फोडून पाण्याला वाट करून द्या. खड्डा भरताना वरची निघालेली माती आणि दोन बुट्ट्या कुजलेलं शेणखत. नुसतं शेणखत भरलं की ते बसतं आणि रोप चार बोटं खाली जातं, खोड मातीत गाडलं जाऊन बुंधा सडतो. म्हणून लावतानाच गोळ्याची वरची पातळी जमिनीपेक्षा बोटभर उंच ठेवा. पालापाचोळा चार इंच, पण खोडापासून वीतभर लांब.

आधाराला काठी, बांधायला काथ्या किंवा जुनं कापड, आठच्या आकड्यासारखं सैल. तार नको. तार कुणी सोडत नाही, ती सालीत जाते आणि वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. लोखंडी जाळीचंही तेच, चार-पाच वर्षांत काढली नाही तर खोड ती गिळतं. विजेच्या तारेखाली वड-जांभूळ लावून दर मे महिन्यात मुंडण करून घेण्यापेक्षा पारिजातक, तगर, कढीपत्ता लावा.

आता पाणी. पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारी ते मे, आठवड्याला वीस लिटर. दुसऱ्यात दहा-बारा दिवसांनी तीस-चाळीस. तिसऱ्यात पंधरवड्यानं. हजार रोपं म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात आठवड्याला २०,००० लिटर, सोळा आठवड्यांचे ३ लाख २० हजार. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर २७ फेऱ्या. वृक्षारोपणाला पाहुणे म्हणून बोलावलं तर रोपाची जात विचारू नका, या २७ फेऱ्यांचे पैसे कुठल्या खात्यातून जाणार ते विचारा. 

आणि 'नव्वद टक्के जगली' असा आकडा दिसला तर जात बघा. ऑस्ट्रेलियन अकेशिया असेल तर आकडा खरा असतो. ते दगडातही जगतं, फक्त त्याच्या पानांच्या थराखाली दुसरं काही उगवत नाही.

अथणी_कोरडवाहू

हे सगळं पश्चिमेकडचं झालं. घाटमाथ्यावरची कणकुंबी आणि कोरडी अथणी एका जिल्ह्यात ही सरकारी सोय आहे, पावसाला ती मान्य नाही. बेळगाव शहरात साधारण १२०० मिमी, आमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरात. पाच जूनला इकडे लावलेलं रोप म्हणजे जुलैच्या उघडिपीला दिलेला नैवेद्य. आम्ही ऑगस्टअखेर ते सप्टेंबर लावतो.

काळ्या रानात खड्ड्यापेक्षा भेगांची भीती. मार्चमध्ये भेग पडते ती मुळं तोडत जाते. जानेवारीत आळ्याची वरची दोन इंच माती हलवून भुसभुशीत करायची आणि उसाच्या पाचटाचा थर द्यायचा. पाचट पेटवून देण्यापेक्षा हे बरं. जाती कडुनिंब, बाभूळ, चिंच, बोर, करंज. रेन ट्री, गुलमोहर नको, पाणी मागतात.

गोकाकचा_दगड

मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं तंत्र आहे ना? मग तोडता कशाला?

नर्सरीवाला

आहे. वजन करून बघा. मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या निदान आठपट हवा. ३० सेंमी व्यासाचं झाड म्हणजे अडीच मीटरचा गोळा, एक मीटर खोल, जवळपास पाच घनमीटर, आठ टन माती. झाडाचं वजन वेगळं. हे क्रेननं जमतं. तीन मीटर घेराचा वड म्हणजे ९५ सेंमी व्यास, साडेसात मीटरचा गोळा, खोली तेवढीच धरली तरी सत्तर टनांच्या आसपास. एवढं कुणी उचलत नाही. मग गोळा लहान कापतात, फांद्या छाटतात आणि खांब नेऊन रोवतात. वड, पिंपळ, उंबर खांबालाही पालवी आणतात, फोटो निघतो. आंबा, जांभूळ, ऐन बहुधा दुसरा उन्हाळा बघत नाहीत.

नीट करायचं तर सहा महिने आधी अर्ध्या वर्तुळात चर खणून मुळं स्वच्छ कापायची आणि चर खत-वाळूनं भरायचा, दोन-तीन महिन्यांनी उरलेला अर्धा. कापलेल्या जागी तंतुमुळं फुटली की पावसाच्या तोंडावर हलवायचं. आपल्याकडे निविदा निघते एप्रिलमध्ये आणि जेसीबी येतो मे महिन्यात, तेव्हा चर आणि हलवणं एकाच दुपारी उरकतं.

निपाणीकर

म्हणजे मोठा वड गेला तर गेला. खरं त्याच्या फांद्या तरी कामाला येतात का? की सगळं वखारीत?

नर्सरीवाला

वडाच्या येतात, आणि रोपापेक्षा चार वर्षं पुढे असतात. मनगटाएवढ्या जाडीच्या, सात-आठ फूट लांब सरळ फांद्या तोडीच्या दिवशीच निवडायच्या, पानं-फाटे काढायचे. दोन-तीन दिवस सावलीत ओल्या गोणपाटात ठेवल्या तर चीक थांबतो. पहिल्या वळवानंतर दोन फूट खोल रोवायच्या, भोवती माती पहारीनं ठासायची, आत पोकळी राहिली की फांदी वाळते. वरच्या टोकाला शेण-मातीचा लगदा. पहिली पालवी फांदीतल्या साठ्यावर फुटते, ती बघून पाणी बंद करू नका, मुळं त्यानंतर येतात. वर शेळी पोचत नाही म्हणून जाळीचा खर्चही वाचतो.

फांदी उलटी रोवली जाते हे नेहमीचं. तोडतानाच खालचं टोक तिरकं आणि वरचं सपाट कापून घ्या.